सीडीची कोरी बाजू

माझ्या माहितीप्रमाणे सीडीला पुठ्ठ्याची जिल्द बांधणारा या पृथ्वीतलावर मी एकमेव बाइंडर आहे. (दुसरा कोणी असेल तर त्याने घुग्घुसला येऊन मला जरूर भेटावं. चहा माझ्याकडून. मला बोलायला तसंही कोणी नसतं.)

घुग्घुसला माझं जिल्दसाजीचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, एक कटर, खळीचं पातेलं आणि मी. माझी मुलगी नसरीन पहिलीत गेली, तेव्हापासून तिचं एकही पुस्तक जिल्दीशिवाय घराबाहेर पडलं नाही. वर्गातल्या बाकीच्या पोरांची पुस्तकं दिवाळीपर्यंत लक्तरं व्हायची आणि हिचं पुस्तक वार्षिक परीक्षेलाही नवंकोरं! ही पुस्तक उघडते तरी का, अशी शंका मास्तरांनी एकदा मला बोलावून विचारली होती.

पुढे नसरीन शिक्षिका झाली आणि तिला शाळा मिळाली एटापल्लीची. घुग्घुसहून एटापल्ली म्हणजे सकाळी निघालेला माणूस गाड्या बदलत बदलत जंगलातून जातो आणि पोचेपर्यंत आपण कशाला निघालो होतो ते विसरतो. माझी बायको जैबुन तिच्यासोबत निघाली. (आमच्या घरची बोली अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी. रागात पूर्ण हिंदी.)

"पोरीले एकटं कसं सोडू?" जैबुन ट्रंक भरता भरता म्हणाली.

"अन् मले?"

"तुमी काय पोरगी हाव?"

मी ट्रंकेवर बसून तिची कडी लावून दिली.

घुग्घुसची धूळ तुम्हाला ठाऊक नसेल. कोळशाचे ट्रक दारावरून जातात आणि सकाळी पुसलेली फरशी दुपारी काळी होते. घरात कोण कुठून कुठे गेलं, ते सगळं फरशीवर उमटतं. पूर्वी चुलीपासून दारापर्यंत जैबुनच्या पावलांची नुसती गर्दी असायची आणि मधूनच नसरीनच्या चपलांची नक्षी. आता मी संध्याकाळी फरशी पाहायचो तर सगळी पावलं माझीच. शिकंज्यापासून चुलीपर्यंत मी, चुलीपासून खाटेपर्यंत मी. स्वयंपाकघराकडे तोंड करून "चहा झाला का?" असं मी सवयीने ओरडायचो, मग उठून आत जायचो आणि "होऊन राह्यला," असं स्वतःच सांगायचो. भाकरीचं विचारू नका. माझी भाकरी पाहून एका गिऱ्हाइकाने "हा पुठ्ठा काय भाव?" असं विचारलं होतं!

फोन आमच्याकडे नव्हता. शेजारच्या पांडूभाऊच्या किराणा दुकानात होता, आणि तोच आमचा पीपी नंबर. फोन आला की पांडूभाऊ सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "हनीफभाऊऽऽ, एटापल्ली आली!" जणू आख्खं गाव जंगल सोडून त्याच्या ओट्यावर येऊन बसलं आहे. मी खळीचे हात लुंगीला पुसत धावायचो.

असाच एकदा फोन आला.

"अब्बा, मी वरच्या जागेच्या परीक्षेचा फारम भरला. पास झाली तर चंद्रपूर मागते, घरूनच जाता-येता येते. मंग आमी दोघी घरी."

आमी दोघी घरी! मी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला दाबून धरला. पांडूभाऊने तुरीची डाळ तोलता तोलता तराजू तसाच हवेत धरला. "काऊन, काय झालं? बरं हाय ना सगळं?"

सगळं बरं होतं. फक्त त्या परीक्षेच्या अभ्यासाचं साहित्य मी चंद्रपूरच्या एका क्लासमधून आणून द्यायचं होतं. तिथे ते दोन प्रकारांत मिळत होतं: छापील किंवा सीडीवर. आणि भांडण इथेच सुरू झालं.

"छापीलच आणतो बेटा. मस्त बांधून देतो."

"नाई अब्बा, सीडी आणा. इथी पुस्तकाले उधई लागते. मागच्या पावसाळ्यात तुमच्या जिल्दीसकट आख्खं व्याकरण खाल्लं तिनं."

"माझ्या जिल्दीले उधई? खळीत मोरचूद घालतो मी! खाल्लं तं मरते थे!"

"मेली ना. पन खाऊन मेली."

वाळवीचा विषय मी तिथेच सोडला. "अन् लाईट?"

"येते ना."

"कवा?"

"येते, अब्बा. शाळेत नवीन कॉम्प्युटर हाय. गेडाम सर म्हंते, सीडीत पायजे थे एका मिनटात सापडते."

"पुस्तकाले लाईट लागत नाई! पुस्तक छातीवर ठेवून झोपता येते. थो कॉम्प्युटर छातीवर ठेवून झोपून दाखव!"

"सीडीच आणा, हनीफभाऊ," पांडूभाऊ मध्येच बोलला. "जमाना पुढी चालला." (हा माणूस अजून जिऱ्याच्या पुड्या जुन्या वर्तमानपत्रात बांधतो आणि मला जमाना सांगतो!)

चंद्रपूरच्या त्या क्लासमध्ये काउंटरवर दोन्ही मांडून ठेवलं होतं. एकीकडे छापील पुस्तिकांचा हा एवढा ढीग. नुसत्या टाचण्या मारलेल्या, कोपरे आत्ताच दुमडलेले. पाहूनच माझे हात शिवशिवले. दुसरीकडे सात-आठ सीड्या.

"काका, दोनातलं एकच भेटते," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "छापील का सीडी?"

मी उभाच. मागची रांग कुरकुरायला लागली. मला स्वच्छ दिसत होतं, की त्या छापील ढिगाला माझी गरज आहे आणि त्या सीड्यांना कोणाचीच नाही. मुलीच्या सगळ्या शिक्षणात माझा एवढाच तर वाटा होता. तिचं गणित मला कधी कळलं नाही, इंग्रजी तर नाहीच नाही. मी आपला जिल्द बांधायचो. तेही आता गेलं.

"सीडी द्या," मी म्हटलं. त्या काउंटरवर बापाने बाइंडरला हरवलं.

पण बाइंडर इतक्या सहज हार मानत नाही! घरी येऊन पाहतो तर सीड्या पातळ कागदी पाकिटांत, आणि सगळ्यांना मिळून एक रबर बँड. रबर बँड! पोरीचा आख्खा अभ्यास, दोन माणसांचं घरी येणं, आणि त्याला आधार कशाचा, तर रबर बँडचा! एटापल्लीच्या गाडीत एक खड्डा लागला की संपलं. मी दुकानाचं दार लोटलं, चुलीवर खळ शिजायला टाकली आणि कामाला बसलो.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका, म्हणजे माझी बाजू तुम्हाला पटेल. सीडीच्या एका बाजूला छापलेलं: विषयाचं नाव, भाग पहिला, भाग दुसरा. दुसरी बाजू साफ कोरी. नुसती आरशासारखी चकचकीत. तर मग चिकटवायची कोणती? जिल्दसाजीत माझ्या वडिलांनी शिकवलेला पहिला धडा होता, अक्षरावर खळ लावायची नाही. मी अक्षरं वर ठेवली आणि कोऱ्या बाजूला अशी झकास खळ फासली, की एक बुडबुडा राहू दिला नाही. एकेका पुठ्ठ्यावर एकेक सीडी बसवली.

पण नुसत्या खळीवर माझा विश्वास नाही. टाका हवाच. सीडीवर टोच्या ठेवला तर घसरायला लागला. मग चुलीत लाल करून टेकवला आणि भोक कसं लोण्यातून गेल्यासारखं पडलं! काठाला दोन भोकं, त्यातून मेणाचा दोरा. (भोक पाडताना मन जरा कचरलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मधोमध कंपनीनेच करंगळी जाईल एवढं भोक पाडून ठेवलं होतं. त्यांनी पाडलेलं चालतं, तर माझ्या दोन बारक्या भोकांनी काय होणार?) मग सगळे पुठ्ठे एकत्र शिवले, वर मरून रंगाचं रेक्झिन चढवलं आणि सोनेरी अक्षरांत नसरीनचं नाव उठवलं. वाचता वाचता कुठवर आलो ते कळावं म्हणून लाल रेशमी फीतही लावली! एकदा तर वाटलं, या गोल कडा कटरखाली घालून चौकोनी कराव्यात, म्हणजे पानाला शोभतील. पण मी मोह आवरला. तेवढी अक्कल माझ्यात होती.

त्या दुपारी मी दुकानात चक्क गुणगुणत होतो. घरात एकटा आहे हे विसरूनच गेलो होतो.

जिल्द वाळली तसा मी स्वतःच गाडीत बसलो. पार्सल पाठवता आलं असतं. पण मला जायचं होतं. शेजारच्या सीटवर सुकटीची टोपली घेतलेली एक ढिवरीण बसली होती. माझ्या मांडीवरचं बाड पाहून म्हणाली, "लगनाचा अलबम हाय का, भाऊ?"

"नाई बाई, सीडी हाय. कॉम्प्युटरची."

"मंग पुस्तकात काऊन?"

"अभ्यासाची सीडी अशीच असते," मी ठोकून दिलं. ज्याने उभ्या जन्मात कॉम्प्युटरच्या बटणाला बोट लावलं नव्हतं, त्या माणसाने आलापल्ली येईपर्यंत तिला कॉम्प्युटर समजावून सांगितला! ती उतरताना म्हणाली, "लय शिकलेले दिसता बाप्पा तुमी." मी मान डोलावली.

एटापल्लीला जैबुन गाडीपाशी उभी होती. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाळले तुमी." बस, एवढंच. मी उगाच धुळीचं निमित्त करून खोकलो.

चहा घ्यायलाही सवड मिळाली नाही, कारण लाईट आली होती. लाईट आली की एटापल्लीत माणसं चालत नाहीत, पळतात. आम्ही तिघं शाळेत पळालो. कॉम्प्युटरची खोली बघून मी तर हरखलोच. दाराबाहेर चपला काढायच्या, आत फुलाफुलांच्या झाकणाखाली कॉम्प्युटर, वरती उदबत्ती. गेडाम सर, म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणारे मास्तर, अदबीने पुढे आले. "जोहार, चाचा! आणली का सीडी?"

मी बाड नसरीनच्या हातात दिलं.

तिचा चेहरा पडला. "अब्बा, सीडी सांगतली होती ना मी? पुस्तक काऊन आणलं?"

"उघड तं खरं," मी म्हटलं, आणि नवरदेवाच्या बापासारखा छाती काढून उभा राहिलो.

तिने उघडलं. एक पुठ्ठा उलटला. दुसरा उलटला. गेडाम सरांनी वाकून पाहिलं. मग नखाने एक सीडी उचकटून पाहिली. माझं काम! ती कसली उचकटते!

"चाचा," सर हळूच म्हणाले, "वाचाची बाजू कुठी गेली?"

"हे काय वर! लिहिलं हाय ना, सामान्य ज्ञान."

"थे नाव हाय, चाचा. अभ्यास खालच्या बाजूनं असते. चकचकीत बाजूनं."

"तिथी तं काहीच नाई लिहिलेलं! मी चांगलं पाह्यलं!"

"लिहिलेलं हाय. दिसत नाई."

आता सांगा! जे लिहिलेलं आहे ते दिसत नाही, जे दिसतं ते वाचायचं नाही, आणि अडाणी कोण, तर मी!

"म्हंजे अजी," जैबुनने सगळ्यांसमोर खुलासा मागितला, "तुमी पोरीचा सारा अभ्यास खळीनं चिकटवून आणला?"

आणि तेवढ्यात लाईट गेली.

नसरीन चिडली असती तर बरं झालं असतं. अंधाऱ्या खोलीत तिने त्या सोनेरी नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सुंदर बांधलं, अब्बा." तिचा आवाज भिजलेला होता. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही परीक्षा पास झाली तर दोघी घरी येणार होत्या, आणि घरी यायचा तो रस्ताच मी पुठ्ठ्याला चिकटवून, वर दोन टाके घालून आणला होता. क्लासवाले या सीड्या परत घेतील अशी आशाही नव्हती. फीत लावलेली सीडी कोण परत घेणार?

मग जैबुनने सूत्रं हाती घेतली. कॉम्प्युटर तिनेही मघाशीच पहिल्यांदा पाहिला होता; पण डाग तिला कळतात. घरी नेऊन तिने माझी जिल्द सुरीने फाडली (मी तोंड फिरवलं), घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि सामान्य ज्ञान, इतिहास, भूगोल सगळं भिजत घातलं. खळ फुगली, पुठ्ठे सुटले. मऊ फडक्याने एकेक सीडी पुसून तिने दोरीवर वाळत टाकली. माझी भोकं इथे उपयोगी पडली. त्यातूनच दोरा ओवला! अंगणात अशी चमचम सुरू झाली, की बकऱ्या बुजल्या आणि शेजारची बाई धावत आली. "चाची, एक द्या ना, धानात बांधते. पाखरं पळते."

"पोरीचा अभ्यास हाय माय थो!" जैबुन म्हणाली आणि रागाने माझ्याकडे पाहिलं. जणू पाखरांनाही मीच बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी लाईट आली. पुन्हा सगळे पळालो. गेडाम सरांनी पहिली सीडी आत सरकवली. आतून घर्रर्र, टक, टक, टक असा आवाज यायला लागला, जसं काही मशीन माझे टाके मोजत होतं. मी डोळे मिटून मनात दुआ मागत होतो.

"उघडली!" नसरीन ओरडली.

गेडाम सर माझ्याकडे वळून म्हणाले, "चाचा, यातला अभ्यास मधातल्या भोकापासून सुरू होते अन् बाहेर सरकते. हा काठापर्यंत पोचलाच नाई. तुमी रिकाम्या काठाले शिवलं म्हून वाचलं!"

"मले ठाऊकच होतं," मी ताबडतोब म्हटलं. जैबुनकडे मात्र पाहिलं नाही.

एक गणिताची सीडी तेवढी उघडली नाही. पण गणिताचं आमच्या घराण्यात कधीच काही उघडलेलं नाही, म्हणून कोणी वाईट वाटून घेतलं नाही. ते गेडाम सर स्वतः शिकवणार म्हणाले.

आता सुरू झाला सीडीवरचा अभ्यास. नसरीनने पहिला परिच्छेद अर्धा वाचला आणि लाईट गेली. संध्याकाळी आली, तिने उरलेला अर्धा शोधला, सापडला, आणि लाईट गेली. "येते ना, अब्बा," असं ती फोनवर म्हणाली होती. ते खरंच होतं. यायची. थांबायची नाही. शेवटी गेडाम सर म्हणाले, "मॅडम, असं करू. लाईट असे तवर सारं छापून घेऊ." मग शाळेचा प्रिंटर किंचाळायला लागला. लाईट येईल तसा तो किंचाळायचा, आणि हळूहळू टेबलावर सुट्या कागदांचा ढीग उभा राहिला. फिक्या शाईचा, वाकडातिकडा, वाऱ्याने उडणारा.

नसरीनने ढिगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "अब्बा..."

"कणीक हाय का घरात?" मी उठलोसुद्धा होतो.

कॅलेंडरचे पुठ्ठे, जैबुनच्या जुन्या साडीचा काठ आणि घरची खळ, एवढ्यावर मी बसलो. इतकं संथ काम मी आयुष्यात केलं नाही. दुपारी नसरीन शाळेतून यायची, माझ्याजवळ बसून बांधून झालेला भाग मोठ्याने वाचायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि ते संपू नये असं वाटत होतं. घुग्घुसला दुकान बंद होतं, गिऱ्हाइकं शिव्या देत असणार, देऊ देत.

एकदा जैबुन चहा घेऊन आली आणि माझ्या हाताकडे पाहत उभी राहिली. "हा कोपरा काल झाला होता ना?"

"ढिल्ला वाटला," मी म्हटलं.

तिने चहा ठेवला आणि ती माझ्याशेजारी बसून राहिली. पण एका पुस्तकाला चारच कोपरे असतात. शेवटी मला निघावंच लागलं.

नसरीन पास झाली! पांडूभाऊने गल्लीला एटापल्ली आल्याची वर्दी दिली आणि बातमी कळताच माझ्या तोंडात साखरही घातली. मी त्याच दिवशी फरशी धुतली. चुलीपासून दारापर्यंत, घासून. दोघींची पावलं चांगली उमटावीत म्हणून.

मग नेमणुकीचा हुकूम आला. चंद्रपूर मागितलं होतं. मिळालं सिरोंचा! म्हणजे एटापल्लीहूनही पुढे, नदीपलीकडचे लोक तेलुगूत भांडतात तिथे.

"पोरीले एकटं कसं सोडू?" जैबुन फोनवर म्हणाली.

या वेळी मी "अन् मले?" असं विचारलं नाही. उत्तर मला पाठ होतं.

सिरोंच्याला जाण्याआधी दोघी घुग्घुसला येऊन गेल्या. नसरीनने माझ्या हातात एक मोबाइल ठेवला. "अब्बा, आता पांडूकाकाच्या ओट्यावर जाचं काम नाई. मी रोज संध्याकाळी फोन करीन. हिरवं बटण दाबाचं, बस. फक्त एक कबूल करा, याले जिल्द बांधाची नाई."

"नाई बांधत," मी शब्द दिला.

आणि तो पाळला. जिल्द बांधली नाही. पण त्या गेल्या आणि फोनच्या बटणांच्या फटीत कोळशाची धूळ बसायला लागली. धूळ आत गेली, फोन बिघडला, तर? मग मी त्याला फक्त एक कव्हर शिवलं. जिल्द वेगळी, कव्हर वेगळं! मरून रेक्झिन उरलंच होतं. अगदी घट्ट, चारी बाजूंनी, मेणाच्या दुहेरी दोऱ्याने. धुळीचा कणही आत जाणार नाही, असं काम.

संध्याकाळी फोन वाजला. रेक्झिनच्या आत, गुदमरल्यासारखा. मी वरूनच अंदाजाने हिरवं बटण दाबलं. ते लाल निघालं असावं, कारण आवाज बंद झाला. पुन्हा वाजला. मी सुरी शोधली, ती सापडेना. दाताने दोरा तोडायला गेलो, तर तो माझ्याच हातचा टाका, तो कसला तुटतो! वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. शेवटी टोच्या घेऊन एकेक टाका उचकटला, फोन बाहेर काढला आणि कानाला लावला.

"अब्बा! कवापासून लावून राह्यली मी! काय करून राह्यले तुमी?"

"उसवून राह्यलो, बेटा."